बेडकाची तंगडी आणि प्राध्यापकाची शपथ

बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने १७९१ साली प्रबंध छापला: मेलेल्या बेडकाचा मज्जातंतू व स्नायू दोन धातूंनी जोडताच तंगडी झटका मारते; म्हणजे वीज प्राण्याच्याच अंगात आहे. व्होल्टा म्हणाला, छे, ती धातूंतली! गॅल्व्हानीने मग धातू वगळून, नुसता मज्जातंतू स्नायूला टेकवून तंगडी उडवून दाखवली. खरे तर दोघांचेही बरोबर होते.

मला तो आवडतो ते निराळ्याच कारणाने. नेपोलियनने स्थापिलेल्या प्रजासत्ताकाच्या निष्ठेची शपथ त्याने नाकारली आणि १७९८ मध्ये प्राध्यापकी गमावली. पगार सोडणे म्हणजे काय, ते आम्हां मास्तरांना विचारा! त्याच वर्षी ४ डिसेंबरला तो वारला. १८०३ मध्ये त्याचा भाचा आल्दिनी याने लंडनला फाशी गेलेल्या फॉर्स्टरच्या प्रेताचा जबडा विजेने हलवला. घटमाला मात्र व्होल्टाची होती.