गंजलेली मोटार, फसली साल आणि बहिणीचा हिस्सा

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या मागच्या अंगणात कधीकधी एखादी मोटार उभी दिसते. टायर मातीत रुतलेले, पत्रा पोखरलेला, सीटवर कोंबड्या. वडवणीसारख्या बीड-परळी रस्त्यावरच्या गावात अशा गाडीचा निकाल बहुतेकदा भंगारवाला लावतो, तोही किलोच्या भावाने. पण जुन्या मोटारीची किंमत लोखंडात कमी आणि कागदात जास्त असते. आपल्या भागातला तो कागद वाचायला इतिहास माहीत असावा लागतो.

१९४८च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. १९४०च्या सुमारास घेतलेली गाडी जागची न हलता तीन राजवटींतून गेली. तिच्या कागदांची भाषाही बदलत गेली. संस्थानाच्या कारभाराची भाषा १८८४पासून उर्दू होती आणि दफ्तरात साल लिहिले जाई ते फसली.

खरी गफलत इथेच होते. उर्दू कागदावर १३५० हा आकडा दिसला की आजचा वाचक तो हिजरी समजतो. हिजरी १३५० म्हणजे १९३१-३२. हैदराबादच्या फसली सालात मात्र साधारण ५९० मिळवावे लागतात, म्हणून फसली १३५० म्हणजे १९४०-४१. फरक जवळपास नऊ वर्षांचा. मोटारीच्या दुनियेत तेवढ्या काळात मॉडेलच बदलते. मालक गाडी १९३१ची म्हणतो, चासी नंबर १९४०चा निघतो आणि गिऱ्हाइकाला अस्सल कागद बनावट वाटतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. महिना मुहर्रम, रजब, शाबान असेल तर साल हिजरी. आजूर, दै, बहमन, खुर्दाद असेल तर फसली. हे साल ऑक्टोबरमध्ये आजूरपासून सुरू होई.

पावतीवरच्या रकमेचेही तसेच. संस्थानाचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार वेगळे होते. ७ हाली म्हणजे ६ कलदार. ७००० हालीची मोटार कलदारात ६०००ची.

जीप असेल तर तिच्या कंपनीचे नावही साल सांगते. २ ऑक्टोबर १९४५ला सुरू झालेल्या कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले.

आता गंजाकडे वळू. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. पेचकसाने टोचल्यावर पत्र्याला भोक पडले तर तो तुकडा गेला असे समजावे. दार, बोनेट, मडगार्ड नवे घडवता येतात. चासी कुजली असेल तर मात्र हिशेब बदलतो. सगळ्यात आधी चासी आणि इंजिनवर ठोकलेले नंबर शोधून फोटो काढावेत आणि कागदाशी ताडून पाहावेत. तोपर्यंत त्या जागी ग्राइंडर लावू नये. नंबर पुसला गेला की उरते फक्त लोखंड. दिवे, मीटर, जाळी, नावाचा बिल्ला या मूळ वस्तू मोडक्या असल्या तरी फेकू नयेत. त्या बाजारात सहज मिळत नाहीत.

कायद्यानेही मूळ रूपालाच महत्त्व दिले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ‘पहिली नोंदणी’ कधीची, हे ठरवताना जुने आरसी बुक लागते.

हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये पिवळी रोल्स-रॉइस आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी ती मागवली होती. १९११मध्ये त्यांचे निधन झाले, गाडी नंतर पोहोचली आणि सातव्या निजामांनी ती फारशी वापरली नाही. बरीच वर्षे ती दुर्लक्षित पडून होती. पुढे ती दुरुस्त झाली. ती कोणाची, कोणी बनवली, कधी आली, हे सांगता येते म्हणून लोक आज ती बघायला जातात.

आपल्या अंगणातल्या गाडीला राजाचे नाव नसेल, पण ती आजोबांच्या नावावर असते. मग प्रश्न वारसाचा येतो. मालक वारला की गाडी आपोआप थोरल्या मुलाची होत नाही. आरटीओकडे ३१ नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावे करून घ्यावी लागते. शरियतप्रमाणे मयताच्या सगळ्या मालमत्तेत, मग ती जमीन असो की गंजलेली मोटार, विधवेचा आणि मुलींचा हिस्सा ठरलेला आहे. भंगार म्हणून दिली तर कोणी विचारत नाही. लाखांत बोली लागली की दुबईचा भाऊ आणि परळीला दिलेली बहीण आठवते. म्हणून गिऱ्हाईक येण्याआधीच सगळ्या वारसांची लेखी संमती घ्यावी.

जुन्या पेटीतले उर्दू कागद न वाचता रद्दीत घालू नका. नातवंडांना लिपी येत नसेल, तर गावात उर्दू वाचणारा एखादा बुजुर्ग अजून हयात असेल. त्याच्यासमोर कागद उलगडा, महिना आणि साल वाचून घ्या, मराठीत लिहून ठेवा. भंगारवाल्याला त्यानंतर बोलवा.