पाइप बदलला आणि मोजमाप बिघडलं

गाडीला मोठा एअर फिल्टर आणि जाड पाइप बसवला की पॉवर वाढते, असं तुम्ही ऐकलं असेल. तो बसवल्यावर गाडी झटके खाते, पिकअप जातो, हेही ऐकलं असेल. हवा जास्त मिळाली तर इंजिन खूश व्हायला हवं ना? मग बिघडतं काय? याचं उत्तर हवं असेल तर इंजिनाने आजवर हवा कशी कशी मोजली, हा इतिहास बघावा लागतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो बघावाच, कारण त्यात आपल्या सगळ्यांच्या कामाचा एक प्रश्न दडलाय: मोजायचं साधन नेमकं कुठे संपतं?

आधी थोडा हिशोब. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्याहून कमी पडलं तर मिश्रण ‘लीन’, जास्त झालं तर ‘रिच’. रिच मिश्रणाने काळा धूर येतो, प्लग काळे पडतात. पूर्ण लोडवर मिश्रण लीन झालं तर नॉकिंग होऊन पिस्टनलाच धोका. म्हणजे चूक महागात पडते.

आता कार्ब्युरेटर घ्या. अरुंद जागेतून जाताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता वेंतुरीने १७९७ मध्ये मांडलं. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवारा मारणारा कार्ब्युरेटर केला. हवा गळ्यातून जाते, तिथला दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. इथे हवा मोजणारा वेगळा भागच नाही. पण एक मेख आहे. फ्लोट चेंबर बाहेरच्या हवेला उघडा असेल आणि फिल्टर तुंबला, तर गळ्यातला दाब आणखी घटतो, पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि मिश्रण रिच होतं. फिल्टर काढून टाका, उलट होईल. यावर उपाय म्हणून फ्लोट चेंबरला हवा फिल्टरच्या आतल्या बाजूने द्यायला सुरुवात झाली. फिल्टर हासुद्धा मोजमापाचा भाग आहे, याची ही एका अर्थी कबुलीच!

पुढचा टप्पा १९६७ चा. अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते. बॉशने बेंडिक्स या अमेरिकन कंपनीच्या पेटंटचा आधार घेऊन डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा फोक्सवॅगन १६०० मध्ये आणली. ‘डी’ म्हणजे जर्मन ‘ड्रुक’, दाब. ही यंत्रणा थ्रॉटलच्या पुढचा, मॅनिफोल्डमधला दाब आणि इंजिनाचा वेग बघते आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधते. त्यामुळे थ्रॉटलच्या आधीचा पाइप बदलला तरी तिला फारसा फरक पडत नाही. पण कॅमशाफ्ट बदला, आणि सगळं गणित कोसळतं. कारण ‘या दाबाला हे इंजिन इतकी हवा घेतं’ हे तिने गृहीत धरलेलं असतं.

१९७० च्या दशकात एल-जेट्रॉनिक आली. ‘एल’ म्हणजे ‘लुफ्ट’, हवा. हिच्यात येणारी हवा एक स्प्रिंगवाली झडप ढकलते. झडप किती उघडली त्यावरून हवा कळते. आता गंमत बघा. थ्रॉटलच्या पुढे पाइपला बारीक भोक पडलं, तर डी-जेट्रॉनिकमध्ये दाब वाढतो, पेट्रोलही वाढतं आणि गाडीचा आयडल चढतो. एल-जेट्रॉनिकमध्ये मात्र ती चोरटी हवा झडपेला दिसतच नाही. मिश्रण लीन होतं आणि गाडी बंद पडू शकते. भोक तेच, बिघाड वेगळा!

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एलएच-जेट्रॉनिकमध्ये झडपेच्या जागी तापलेली तार आली. वाहत्या हवेत तापलेली तार किती उष्णता गमावते, याचा नियम कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या एल. व्ही. किंगने १९१४ मध्येच मांडला होता. तारेचं थंड होणं हवेचा वेग आणि घनता या दोन्हींवर अवलंबून असतं, म्हणून तिच्यावरून थेट हवेचं वस्तुमान काढता येतं. पण तार पाहते ती फक्त तिच्याजवळून जाणारी हवा. पूर्ण पाइपातली हवा किती, हे कॉम्प्युटर आधी केलेल्या कॅलिब्रेशनच्या कोष्टकातून वाचतो, आणि ते कोष्टक ठरावीक व्यासाच्या पाइपासाठी बनलेलं असतं.

समजा, ७० मिमीच्या पाइपातला सेन्सर तुम्ही ८० मिमीच्या पाइपात बसवला. क्षेत्रफळ सुमारे १.३१ पट झालं. तेवढीच हवा आता सुमारे ७७ टक्के वेगाने जाईल. सेन्सरला वाटेल हवाच कमी आहे; कॉम्प्युटर पेट्रोल कमी करेल आणि १४.७ चं प्रमाण १९ च्या वर जाईल. सेन्सर अगदी ठणठणीत आहे, तार चकचकीत आहे, तरी माप चुकलं.

‘पण ऑक्सिजन सेन्सर आहे ना!’ आहे. १९७६ मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत तो आणला. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघून तो चूक सांगतो. पण दुरुस्तीला मर्यादा असते, आणि जुन्या यंत्रणा पूर्ण थ्रॉटलला त्याचं ऐकतच नाहीत, कारण तेव्हा मिश्रण मुद्दाम रिच ठेवायचं असतं. म्हणजे सगळ्यात जास्त धोका असतो तिथेच राखणदार नसतो.

म्हणून ज्यांना बदल करायचाच आहे, त्यांनी सेन्सरचं घर, म्हणजे त्याच्याभोवतीचा पाइपचा तुकडा, मूळ व्यासाचा ठेवावा. त्याच्या आधीचा सरळ भाग आणि त्याची दिशा शक्यतो तशीच ठेवावी. पुढे कुठे गळती नाही ना, हे तपासावं. ते जमत नसेल तर कोष्टक नव्याने बनवावं आणि पूर्ण लोडवर मिश्रण मोजून बघावं.

आता आपल्याकडे वळू. हा इतिहास ‘साधनं सुधारत गेली’ असा एका ओळीत लिहिता येतो, पण तो अपुरा आहे. प्रत्येक पिढीने एक गोष्ट नव्याने मोजली आणि दुसरी कुठलीतरी गृहीत धरली. गृहीतकाची जागा हलली, ते नाहीसं झालं नाही. तुमची प्रश्नावली, तुमचा सेन्सर, तुमचं अभिलेखागार यांचंही असंच असतं. दुसऱ्या गावात, दुसऱ्या पिढीसाठी तयार झालेली प्रश्नावली उचलून आपल्या अभ्यासात बसवणं म्हणजे ७० मिमीचा सेन्सर ८० मिमीच्या पाइपात बसवणंच. उत्तरं येतील, नीटनेटकी येतील, आणि चुकीची असतील.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना पद्धतीच्या प्रकरणात एक प्रश्न जरूर लिहा: माझ्या साधनाभोवतीचा पाइप कोणता, आणि तो मी बदललाय का?