पिग्नाटींच्या घरातली पार्टी

दहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत आमच्या ग्रंथालयात येऊन कोपऱ्यात नुसता बसायचा. थर्टी फर्स्टच्या रात्री मुलांनी चोरून बियर प्यायली होती. त्यातला एक बाइकवरून निघाला तो घरी पोचलाच नाही. बाइकची किल्ली ह्याने दिली होती. आठवड्याने त्याने विचारलं, “बाई, असं काही झालेलं कुठल्या पुस्तकात आहे का?” माझ्या कपाटात ‘फास्टर फेणे’ होता, ‘श्यामची आई’ होती, व्यसनमुक्तीच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. त्याला देण्याजोगं काही नव्हतं.

असं पुस्तक आधी कुणी लिहिलं, ह्याचा माग मी त्यानंतर काढत राहिले. तो अमेरिकेत पोचतो. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एस. ई. हिंटन ह्या मुलीने पंधराव्या वर्षी ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतली. १९६७ साली ती छापून आली तेव्हा हिंटन अठरा वर्षांची होती. त्यात ज्याचा खून होतो तो मुलगा प्यायलेला असतो आणि मारणारा सोळा वर्षांचा.

पण मला हवी होती ती पुढच्या वर्षीची ‘द पिगमन’. तिचे लेखक पॉल झिंडेल न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर हायस्कूलात रसायनशास्त्र शिकवत. त्यांची आई नर्स होती, मरणपंथाला लागलेले रुग्ण ती घरी आणून सांभाळायची. स्वतः झिंडेलनी पंधराव्या वर्षी क्षयामुळे सुमारे दीड वर्ष सॅनेटोरियममध्ये काढलं. शार्लट झोलोटॉ ह्या संपादिकेने ह्या मास्तरांना मुलांसाठी लिहायला लावलं, हे तिचे मोठे उपकार.

‘द पिगमन’मधली जॉन आणि लोरेन ही दोन मुलं गंमत म्हणून अनोळखी माणसांना फोन करतात. त्यातून त्यांना म्हातारे पिग्नाटी भेटतात. बायको गेलेली, पण ती कॅलिफोर्नियाला गेलीय असं ते सांगतात. घरात तिच्यासाठी जमवलेली चिनीमातीची डुकरं मांडलेली. पिग्नाटींना हृदयविकाराचा झटका येतो. ते इस्पितळात असताना ही दोघं त्यांच्या घरात पार्टी करतात. बियर वाहते, बायकोचा पोशाख फाटतो, डुकरं फुटतात आणि नेमके त्याच वेळी पिग्नाटी दारात उभे राहतात. थोड्याच दिवसांत प्राणिसंग्रहालयात, त्यांचं लाडकं बबून मेल्याचं कळल्यावर, ते मुलांसमोरच कोसळून मरतात. मुलांनी त्यांना मारलेलं नाही. तरी मुलांचे हात स्वच्छही नाहीत. झिंडेल त्यांना फटकारत नाहीत आणि सोडवतही नाहीत. व्यसनमुक्तीच्या पुस्तिकेला हे कधीच जमलं नाही.

‘द पिगमन’ आली तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अठराव्या वर्षी दारू पिता येत असे. पुढे दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याने कँडी लाइटनर ह्या बाईंची तेरा वर्षांची मुलगी चिरडली. १९८० साली त्यांनी आयांची संघटना उभी केली. रस्त्यांचा निधी कापण्याचा धाक घालून राज्यांना वयाची मर्यादा एकवीसवर न्यायला लावणारा कायदा १९८४ मध्ये झाला. चोरून पिणं त्याने थांबलं नाही. २००५ सालच्या जॉन ग्रीनच्या ‘लुकिंग फॉर अलास्का’मध्ये वसतिगृहातली मुलगी प्यायलेल्या अवस्थेत गाडी घेऊन निघते. मित्र तिला जाऊ देतात, आणि पुस्तकाचा सगळा उत्तरार्ध त्या जाऊ देण्याचा आहे. त्याला २००६ चं प्रिंट्झ पारितोषिक मिळालं. २०१५ मध्ये, ग्रंथालयांतून काढून टाका अशी ओरड अमेरिकेत सर्वांत जास्त झाली तीही ह्याच पुस्तकाबद्दल. ते कपाटातून काढणाऱ्यांनी त्या कोपऱ्यातल्या मुलासमोर एकदा बसावं, असं मला मनापासून वाटतं.

‘द पिगमन’ माझ्या हाती आली तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता. जॉन आणि लोरेन घडलेलं सगळं आळीपाळीने लिहून काढतात, तेही शाळेच्या ग्रंथालयात, ग्रंथपालबाईंच्या नजरेसमोर. हे वाचताना मी थांबले. पुस्तक माझ्याकडे नव्हतं, हे खरं. कोरे ताव मात्र टेबलाच्या खणात रीमभर होते.