ग्वानिनच का?

ज्या रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरलेला असतो, त्याला आपण मुक्त मूलक म्हणतो. आपली जोडी पुरी करायला तो शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढतो. 1954 साली रेबेका गर्शमन, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रोचेस्टर इथे एक धाडसी विचार मांडला: क्ष-किरणांनी होणारी इजा आणि जादा ऑक्सिजनने होणारी इजा, दोन्हींच्या मुळाशी हे मूलकच आहेत.

मग डीएनएच्या चार बेसपैकी इलेक्ट्रॉन सर्वांत सहज कोण गमावणार? पॅरिसमध्ये आल्बेर्त आणि बेर्नार पुलमन या दांपत्याने ह्युकेलच्या पद्धतीने हे गणित मांडलं. पद्धत अगदी ढोबळ. त्यात पाणी नाही, साखर नाही, दुहेरी पेडही नाही. फक्त पाय इलेक्ट्रॉनांचा हिशोब. उत्तर आलं: पहिला ग्वानिन, त्यामागे अ‍ॅडेनिन. 1963 सालच्या त्यांच्या ‘क्वांटम बायोकेमिस्ट्री’ या ग्रंथात ही सगळी मांडणी आहे.

पुढे 1984 मध्ये टोकियोत कासाई आणि निशिमुरा यांना ग्वानिनच्या आठव्या कार्बनवर ऑक्सिजन चिकटलेला सापडला. गंमत बघा, ते पुलमनांचे आकडे तपासत नव्हतेच. तापवलेल्या अन्नातली द्रव्यं डीएनएचं काय करतात, हे शोधत होते! हा बदललेला ग्वानिन सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनशी जोडी जमवू शकतो. पेशीने वेळेत दुरुस्ती केली नाही, तर पुढच्या प्रतींत ‘जी’च्या जागी ‘टी’ येतो. कर्करोगाच्या अभ्यासात या बदलाला महत्त्व आहे ते यामुळे.

1996 मध्ये सुगियामा आणि साइतो यांनी संगणकावर एकावर एक रचलेल्या बेसच्या जोड्या तपासल्या. दोन ग्वानिन लागोपाठ असले, तर त्यांतला पाच-प्राइम बाजूचा आधी इलेक्ट्रॉन सोडतो, असं दिसलं. वर्षभरात स्टीनकेन आणि योव्हानोविच यांनी प्रत्यक्ष मोजमाप दिलं: ग्वानिन 1.29 व्होल्ट, अ‍ॅडेनिन 1.42. पुलमनांचा क्रम टिकला.

पण इथे घाई करू नका. हायड्रॉक्सिल मूलक एवढी निवड करत बसत नाही. तो कुठल्याही बेसवर, साखरेवरसुद्धा हल्ला चढवतो. पुलमनांचा क्रम इलेक्ट्रॉन निघून जाण्यापुरता खरा आहे, प्रत्येक घावाला तो लागू नाही. तेव्हा कोणताही आकडा हाती आला, की तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे आधी विचारायचं.