एका घरातील सहा भावंडे

व्हॅन गॉग हे नाव घेतले की चित्रकार व्हिन्सेंट तेवढा आठवतो. पण हॉलंडातील ब्राबंट प्रांतात एका पाद्र्याच्या घरी १८५३ ते १८६७ या काळात जन्मलेली ती सहा भावंडे होती. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कीर्ती कोणाची याआधी घर कोणाच्या कमाईवर चालले, हे आम्ही पाहतो.

व्हिन्सेंट १८७९ साली बेल्जियममधील बोरिनाज या कोळसा-खाणींच्या मुलखात धर्मोपदेशक होता. स्वतःचे कपडेही त्याने खाणकामगारांना वाटले. धर्मसंस्थेने त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. तो चित्रांकडे वळला, आणि पॅरिसला चित्रांच्या पेढीत नोकरी करणारा धाकटा भाऊ थिओ त्याला दरमहा पैसे धाडू लागला. रंग, भाडे, भाकरी, सारे त्याच पगारातून. १८९० च्या जुलैत व्हिन्सेंट गेला. सहा महिन्यांत थिओही गेला.

सर्वांत धाकटा कॉर १८८९ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालला गेला. आधी सोन्याच्या खाणीवर, मग रेल्वेत त्याने नोकरी केली. युद्धात तो बोअरांच्या बाजूने उतरला आणि १९०० साली, बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारला. अॅना व एलिझाबेथ यांनी मायदेशी संसार केला. धाकटी विल १८९८ साली हेगला भरलेल्या स्त्रीश्रमाच्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी झटली. १९०२ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४१ पर्यंत, ती मनोरुग्णालयात होती.

थिओची विधवा जोहाना हिने व्हिन्सेंटची पत्रे जपली, १९१४ साली छापली. म्हणून भावाच्या पैशांचा हिशेब जगाला कळला. चित्रावर सही एकाचीच आहे. इतिहासाच्या हजेरीपटावर मात्र बाकीच्यांचीही नावे असावीत, एवढेच आमचे सांगणे.