सांगडीचा वेग

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो तिथे, दहाव्या लेण्याच्या ओसरीत एक लांबलचक शिलालेख आहे. दिनीकाचा मुलगा आणि क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची ती यादी आहे. तीन लाख गाई, सोळा गावे, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथील निवासस्थाने, बत्तीस हजार नारळीची झाडे अशी ती पुढे सरकत जाते. इतिहासकारांनी या लेखाचा कीस पाडला तो मुख्यतः राजवंश आणि कालगणना यांसाठी. मला त्यातला एक वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर उषवदाताने नावांची ‘पुण्यतर’ सुरू केली, असे लेख सांगतो. म्हणजे धर्मार्थ, बिनउताऱ्याची तर. तर हा शब्द दोन हजार वर्षांनंतरही मराठीत त्याच अर्थाने शिल्लक आहे.

यांतली दमण म्हणजे दमणगंगा आणि पारादा म्हणजे पार. दोन्ही नाशिक जिल्ह्याच्याच डोंगरांत उगम पावतात आणि पश्चिमेला समुद्राकडे जातात. गोदावरी मात्र या यादीत नाही. याचे कारण माझ्या मते साधे आहे. नाशिकपाशी गोदावरी उगमापासून फार दूर आलेली नसते. पावसाळ्याचे दिवस सोडले तर तिला उतार मिळत असणार. तर लागते ती नदी रुंदावते तिथे, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्याने जाणारा व्यापारी रस्ता जिथे पाण्यापाशी येऊन थबकतो तिथे.

या तरीच्या नावा कशा होत्या, हे लेख सांगत नाही. पण सुमारे त्याच काळात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा प्रवासग्रंथ आपल्याकडे आहे. त्यात ‘मानबानस’ नावाच्या राजाचा उल्लेख येतो. तो नहपानच असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. भरुकच्छाची खाडी किती अवघड होती, याचे त्यात बारकाईने वर्णन आहे. राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. परदेशी गलबतांना वल्ह्यांच्या जोरावर ओढून ते आत आणत आणि भरती सुरू झाली की पुढे सरकत. ओहोटी लागली की ठरलेल्या जागी नांगर टाकून थांबत. त्या काळच्या नावाड्याला वेग म्हणजे काय ते नेमके ठाऊक होते. तो वेग निम्मा मनगटात होता आणि निम्मा पाण्याची वेळ ओळखण्यात.

याच ग्रंथात, पूर्व किनाऱ्याच्या वर्णनात, ‘संगर’ नावाच्या फार मोठ्या नौकांचा उल्लेख आहे. एकसंध ओंडक्यांच्या होड्या एकमेकींना बांधून त्या केलेल्या असत. या शब्दाचे नाते मल्याळममधील ‘चंगाडम’ आणि संस्कृत ‘संघात’ यांच्याशी जोडले गेले आहे. आपली ‘सांगड’ याच कुळातली. मोल्सवर्थच्या कोशात सांगडीचा पहिला अर्थ दोन होड्या जोडून केलेला तराफा असा आहे. पोहण्यासाठी एकत्र बांधलेले भोपळे हीदेखील सांगडच. आज आपण विचारांची, परंपरा आणि आधुनिकतेची सांगड घालतो, तेव्हा नकळत नदीकाठी उभे राहून दोरखंड आवळत असतो. चंगाडम पोर्तुगिजांच्या तोंडी ‘जंगाडा’ झाला आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या शिडाच्या तराफ्याचे नाव बनला. कोकणात खाडीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला ‘जंगल’ म्हणतात, तेही मला याच घराण्यातले वाटते.

दोन होड्या जोडायच्या कशासाठी? एकच उत्तर नेहमी दिले जाते : स्थैर्यासाठी. एकटी अरुंद होडी कलंडते. तिच्यावर बैलगाडी चढवता येत नाही. दोन होड्या अंतर ठेवून बांधल्या आणि वर फळ्या टाकल्या की अंगणासारखी सपाट जागा मिळते. मालवणकडच्या होडीची उलांडीही हेच काम करते. पण या उत्तरात अर्धीच गोष्ट येते. उरलेली अर्धी वेगाची आहे.

पाण्यातून जाणारी होडी स्वतःच्या लाटा निर्माण करते. वेग वाढतो तशी लाटेची लांबी वाढते आणि ती होडीच्या लांबीइतकी झाली की होडी आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. मग कितीही जोर लावा, तो बहुतांशी लाट मोठी करण्यात खर्च होतो. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात नमुन्याच्या होड्या पाण्यातून ओढून हे गणित मांडले. साधा हिशेब असा : पाण्यातल्या लांबीचे फुटांत वर्गमूळ काढा, त्याला 1.34ने गुणा, आलेली संख्या म्हणजे नॉटमधील मर्यादा. वीस फुटी होडीला ही मर्यादा सहा नॉट, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. मात्र हे बंधन रुंद होडीला जाचते. अंग अगदी सडपातळ असेल तर लाटच किरकोळ उठते आणि मर्यादा सहज ओलांडता येते.

याचा पुरावा नाशिक जिल्ह्यातूनच देता येतो. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. दोन हजार मीटरसाठी त्याची शेवटच्या शर्यतीतली वेळ होती 6 मिनिटे 54.96 सेकंद, म्हणजे ताशी सतरा किलोमीटरहून अधिक. एकेरी शर्यतीची होडी सुमारे सत्तावीस फूट लांब असते. वरच्या सूत्राप्रमाणे तिची मर्यादा ताशी तेरा किलोमीटरही नाही. एक माणूस, दोन वल्ही आणि चौदा किलोची होडी ती मर्यादा मोडते, कारण होडीची रुंदी जेमतेम फूटभर असते. पण वल्ही पाण्याबाहेर काढून ती सोडून दिली तर ती लगेच उलटते. वेग हवा तर होडी सडपातळ हवी आणि सडपातळ होडीला तोल नाही, हा पेच आहे. सांगड तो सोडवते. दोन सडपातळ होड्या एकमेकींना तोल देतात आणि त्यांतली एकही जाड व्हावी लागत नाही.

पाश्चात्त्य जगाला हे उशिरा पटले. सतराव्या शतकात विल्यम पेटीने दुहेरी जहाजे बांधून पाहिली. 1876 साली नॅथॅनिएल हेरेशॉफच्या ‘अमॅरिलिस’ या दुहेरी होडीने न्यूयॉर्कच्या शर्यतीत इतरांना इतके मागे टाकले की तिला बाद ठरवण्यात आले. अशा होडीला जगाने नाव दिले ते तमिळ, ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडे.

धरणांच्या जलाशयांत फिरणारी आजची पोंटून बोट ही सांगडीचीच धातूतली नात. दोन बंद नळकांडी, वर सपाट डेक, मागे इंजिन. तिचा वेग वाढवायचा म्हटले की पहिली मागणी मोठ्या इंजिनाची होते आणि इंधन मात्र लाटेत जाते. जाणकार कारागीर आधी बाकीचे पाहतो. नळकांड्यांवरचे शेवाळ खरवडले आहे का? एखाद्या नळकांड्यात पाणी शिरून ते जड झाले नाही ना? माणसे पुढे दाटीने बसून नाळ पाण्यात रुतवत नाहीत ना? डेकखालच्या आडव्या पट्ट्यांवर पाणी आपटू नये म्हणून खालून पत्रा मारता येईल का? पंखा इंजिनाला साजेसा आहे का? नळकांड्यांना उचल देणाऱ्या पट्ट्या किंवा मधोमध तिसरे नळकांडे हे त्यानंतर येते. मोठे इंजिन सगळ्यांत शेवटी. हा क्रम लाकडी सांगडीच्या नावाड्यालाही ओळखीचा वाटला असता.

पण एवढ्यावर थांबलो तर उषवदाताचा लेख अर्धाच वाचल्यासारखे होईल. तीनशे मीटर रुंद नदी ताशी तीन किलोमीटरने ओलांडायला सहा मिनिटे लागतात. वेग दुप्पट केला तर वाचतात तीन. प्रवाशाचा खरा वेळ काठावर जातो. नाव पलीकडे असते, नावाडी जेवायला गेलेला असतो, उताऱ्यावरून घासाघीस चाललेली असते, पैसे नसलेला माणूस संध्याकाळपर्यंत बसून राहतो. उषवदाताने उतारू आणि नदी यांच्यामधला पैशाचा अडसर काढून टाकला. पुढे लेख असेही सांगतो की, या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने सभा आणि प्रपा, म्हणजे थांबण्यासाठी निवारा आणि पाणपोई उभारली. ‘दोन्ही तीरांवर’ हे शब्द फार मोलाचे आहेत. वाट पाहणारा माणूस दोन्हीकडे असतो, हे त्या दात्याला माहीत होते.

जलवाहतुकीच्या योजना आपण आजही आखतो. त्यांत इंजिनाची अश्वशक्ती ठळक छापलेली असते. होडीचे अंग कसे, धक्क्यावर सावली आहे का, शेवटची फेरी कधी आणि तिकीट कोणाला परवडते, हे प्रश्न मागे राहतात. आपण सांगड हा शब्द जपला, पण त्यातले कारागिराचे आणि दात्याचे शहाणपण वेगळे होऊ दिले. ती दोन्ही पुन्हा शेजारी आणून बांधायला हवीत, नाहीतर नाव वेगाने जाईल आणि माणूस काठावरच राहील.