मगरीचे कूळ

नदी वाहती असते म्हणून तिच्यात लोटलेला ओंडका आपण होऊन लाकूडकाप्याच्या दारी येऊन पोहोचतो. परंतु कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात नदीला वाटेत सरोवर भेटले, की प्रवाह तेथेच लोपतो, आणि साखळदंडांनी जोडलेल्या लाकडांच्या कड्यात कोंडलेले हजारो ओंडके वाऱ्याच्या मर्जीवर तरंगत राहत. यावर जंगलाच्या मक्तेदारांनी एक तजवीज केली होती. एका तराफ्यावर उभा रहाट बसवून त्याला घोडे जुंपावयाचे, नांगर होडीतून पुढे नेऊन टाकावयाचा, आणि घाण्याच्या बैलाप्रमाणे घोडे फिरू लागले म्हणजे दोर गुंडाळला जाऊन तो सारा पसारा तसूतसूने सरकावयाचा. वारा उलटा सुटला, तर दिवसाची मजल वाया जाई.

सिमको गावचे यंत्रकार जॉन सीबर्न वेस्ट यांच्याकडे जोसेफ जॅक्सन या लाकूडव्यापाऱ्याने हे गाऱ्हाणे नेले. त्यातून १८८९ साली जी नौका सिद्ध झाली, तिचे नाव ‘अ‍ॅलिगेटर’, म्हणजे मगर. आणि पुढे वेस्ट व पीची या भागीदारांच्या कारखान्यातून अशा दोनशेहून अधिक नौका निघाल्या, तेव्हा एकीचे विशेषनाम सर्वांचे जातिनाम होऊन बसले.

हे नाव शोभेचे नव्हते. सपाट तळाच्या या नौकेला दोन्ही बाजूंस वल्हीचक्रे असत, आणि पोटात सुमारे वीस अश्वशक्तीचे बाष्पयंत्र व मैलभर पोलादी दोर गुंडाळलेला रहाट. ओंडक्यांच्या कड्याला दोर अडकवून, तो सोडीत सोडीत ती पुढे जाई. मग नांगर टाकून किंवा काठच्या खडकाला स्वतःस बांधून घेऊन रहाट उलटा फिरवी, आणि मागचे अवघे अरण्य मुकाट्याने तिच्याकडे येऊ लागे. सरोवर संपले, की तोच दोर पुढे नेऊन एखाद्या जाड वृक्षाच्या बुंध्याला बांधीत. रहाट फिरे, आणि लोखंडी पट्ट्यांनी मढविलेल्या धावांवर ती नौका चढण चढून पलीकडच्या सरोवराकडे निघे. दिवसाकाठी मैल-दोन मैलांची तिची ही भूमियात्रा. पण घोड्यांना जे साधत नव्हते ते तिला साधले. चढणीवर नौका मागे कलली, तर बाष्पकातील पाणी एका टोकास साचून उघड्या नळ्या जळावयाच्या. म्हणून बाष्पकच असा बसविला होता, की नौका तिरपी असतानाही तो हाताने पातळीत आणता यावा. या संपूर्ण रचनेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, कारण ती कागदावर सुचणारी नव्हे. चढणीवर तापलेल्या बाष्पकाशेजारी स्वतःस उभे कल्पिणाऱ्या कारागिरालाच ती सुचावी. इंधनाची तर ददातच नव्हती. काठचे लाकूड तोडावे आणि भट्टीत सारावे.

पुढे लाकडी बांध्याची जागा जोडलेल्या पोलादाने आणि बाष्पाची जागा तेलयंत्राने घेतली. फोर्ट फ्रान्सिसच्या रसेल बंधूंनी १९३७ साली ओवन साउंड येथे आपला कारखाना हलविला आणि ओंडके ओढण्यासाठी लहान, बळकट पोलादी नौका बांधल्या. त्यांतही रहाट होताच. १९७४ सालच्या कॅनडाच्या एक डॉलरच्या नोटेच्या पाठीवर संसदभवनाच्या पायथ्याशी वाहणारी ओटावा नदी आहे, आणि तिच्या पात्रात, ओंडक्यांच्या गर्दीत, अशाच लहान नौका कामाला लागलेल्या आहेत.